मुठे सरांनी वाटलेली विहीर

मुठे सरांनी माझ्या दुकानातला चहा कधी पूर्ण प्यायला नाही. तळाशी दोन बोटं चहा ठेवायचे आणि ग्लास टेबलाच्या कडेला सरकवून कामाला लागायचे. आमच्याकडे चहा उरवणं म्हणजे यजमानाला काहीतरी सुनावणं असतं. मी एकदा विचारलंच, "सर, चहात काही पडलं का?"

"नाही. तुम्ही लोक गोड फार करता. साखर खाली बसते, ती कशाला प्यायची?"

त्यांच्याकडून तेव्हा मला काम काढून घ्यायचं होतं, आणि काम काढून घ्यायचं असलं की मी राग खिशात ठेवतो. आता काम संपलं आहे. राग खिशातून बाहेर काढायला हरकत नाही.

माणूस उंच, काटकुळा, राजूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीतला. नगरला कुठल्याशा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. तिथल्या प्राचार्यांशी भांडण झालं, दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाहीत. नगरचं ऊन त्यांना सोसायचं नाही. खांद्यावर कायम ओला पंचा असायचा, तो वाळला की दुकानामागच्या नळाखाली धरून आणायचे आणि पाणी गळत असतानाच लॅपटॉपसमोर बसायचे. लॅपटॉपचं झाकण मोडलेलं होतं, ते सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेलं. कागद विकत घेतलेला मी पाहिला नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आकृत्या काढायचे. माझ्या सगळ्या धंद्याचा आराखडा कुणाच्या तरी शुभविवाहाच्या पाठीवर तयार झाला आहे.

आणखी एक खोड होती. 'माझं' हा शब्द त्यांच्या तोंडात येत नसे. स्वतःच्या स्कूटरलासुद्धा 'आपली गाडी' म्हणायचे. सुरुवातीला मला ते चांगुलपणाचं वाटलं. पुढे कळलं की जो सगळ्याला आपलं म्हणतो तो दुसऱ्याच्या वस्तूलाही आपलंच म्हणतो.

मी केडगावला पुणे रस्त्यावर बोअरच्या मोटारी आणि ठिबकचं सामान विकतो. आईवडील कर्जतकडचे, दिवाळी झाली की कोयते घेऊन उसाला जाणारे. मी शाळा सोडून सायकलवर वायसर आणि पॅकिंग विकत वस्त्या पालथ्या घातल्या. दुकान नंतर आलं. मला कुणी बोट धरून काही शिकवलेलं नाही. जे येतं ते पायाखालून आलेलं आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

दत्ता माझा सख्खा भाचा. बहिणीनं माझ्या हवाली केला, मी त्याला गिऱ्हाइकासमोर उभं राहायला शिकवलं. तो तयार झाला आणि त्यानं कर्जतला स्वतःचं दुकान टाकलं. टाकू दे, ज्याचा त्याचा हक्क आहे. पण जाताना त्या बाजूची सगळी गिऱ्हाइकं गेली, कारण ती दुकानात कुठे नव्हतीच. ती दत्ताच्या मोबाईलमध्ये होती. कुणाची मोटार कधी जळते, कुणी दर विचारून गेलाय, कुणाला पुन्हा फोन करायचा, सगळं त्याच्या खिशात. मी बहिणीला बोललो तर ती म्हणाली, "भाचा मोठा झाला तर मामानं पेढे वाटायला पाहिजेत." मी पेढे वाटले नाहीत.

तेव्हा ठरवलं की गिऱ्हाईक माणसाच्या खिशात राहणार नाही, दुकानात राहील. पुण्याहून एका कंपनीची माणसं आली. भिंतीवर चित्रं दाखवली. प्रत्येक सेल्समनमागे दर महिन्याला भाडं, आणि माहिती सगळी त्यांच्याकडे. म्हणजे माझं गिऱ्हाईक त्यांच्या घरात ठेवायचं आणि घरभाडं मी भरायचं. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. तो त्यांनी पूर्ण प्यायला, तेवढं मात्र खरं.

मग एका गिऱ्हाइकानं मुठे सरांचं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशीच त्यांनी लॅपटॉप उघडून माझ्यापुढे ठेवला. "शेठ, यातलं काहीही विकत घ्यायचं नाही. खालची व्यवस्था लिनक्सची. माहिती साठवायचं हत्यार एकांनी बनवलंय, पानं दाखवायचं दुसऱ्यांनी, नकाशा तिसऱ्यांनी. सगळं ओपन सोर्स. जगातल्या अनोळखी माणसांनी बनवून उघडं ठेवलेलं. आपण फक्त जुळवायचं. तुमची पोरं मोबाईलच्या ब्राउझरमधून नोंद करतील, आणि माहिती तुमच्याच दुकानातल्या मशिनवर राहील."

"फुकट का बनवतात लोक?"

"काहींना गरज असते. काहींना हौस."

"आणि काहींचा डाव असतो."

"असेल. पण तोही उघडा आहे. वाचून बघायचा."

त्यांनी मजुरी सांगितली. मी सवयीप्रमाणे निम्मी सांगितली. ते म्हणाले, "चालेल."

सौदा करणाऱ्यालाच कळेल की हे ऐकून मी का चरफडलो. समोरचा लगेच हो म्हणाला की आपण जास्त सांगितलं असा त्याचा अर्थ. निम्म्याच्या निम्मी सांगायला हवी होती. पण सांगितलेला भाव मागे घेता येत नाही, म्हणून मी दुसरी रीत लावली. आमच्या बाजारात सौदा ठरला तरी हात सुटत नाही. भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, गुरांचा व्यापारी कासरा देतो, मी मोटारीबरोबर वायर देतो. मी हात पुढे करून म्हणालो, "ठीक आहे सर. वरून काय देणार?"

त्यांनी पंचा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. विचार केला. म्हणाले, "वरून हे देतो, की आपण जे बनवू ते मीही उघडं ठेवीन. कुणालाही घेता येईल. आणि कुणी त्यात सुधारणा केली, तर ती तुम्हालाही फुकट मिळेल."

'तुम्हालाही फुकट मिळेल.' मी हेच ऐकलं. कोणताही व्यापारी हेच ऐकेल. हातावर हात पडला. समोरचा माणूस वरून म्हणून जी वस्तू देतोय ती माझ्याच कोठारातून काढतोय, असं कुणाच्या मनात येतं?

त्या उन्हाळ्यात मुठे सर माझ्या दुकानातच बसले. ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्यावर बूड टेकायचं, मांडीवर लॅपटॉप, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत राहायचं. त्यांची विचारण्याची एकच पद्धत होती. सेल्समन सांगायचा, "गिऱ्हाईक आलं, त्यानं दर विचारला." सर म्हणायचे, "आणि मग?" "मग मी दर सांगितला." "आणि मग?" "मग तो गेला." "आणि मग?" चौथ्या 'आणि मग'ला सेल्समन कबूल करायचा की त्यानं गिऱ्हाइकाचा नंबर घेतला नव्हता. पोरांनी त्यांचं नावच 'आणिमग सर' ठेवलं. त्यांना ते कळलं, तेव्हा त्यांनी मांडीवर एक थाप मारली आणि म्हणाले, "आणि मग?"

हसायचो आम्ही. ते दिवस वाईट नव्हते, हे लिहिताना हात जड होतो पण लिहितो.

त्यांचा हट्ट असा की सगळं एका पानावर मावलं पाहिजे. नाव, गाव, बोअरची खोली, काय विचारलं, आपण काय सांगितलं, पुन्हा कधी बोलायचं. मी रोज नवा रकाना सांगायचो, ते रोज जुना एक काढायचे. "शेठ, भर उन्हात मोटारसायकलवर बसून पोरगं हे भरणार आहे. त्याच्या अंगठ्याला दमवू नका."

एका गोष्टीवरून मात्र चांगलं जुंपलं. मला एक खूण हवी होती, फक्त मला दिसणारी. हे गिऱ्हाईक टोलवाटोलवी करणारं, हे नुसतं दर काढणारं, हे उधारी बुडवणारं. धंद्यात अशी खूण प्रत्येकाच्या मनात असते, मी ती मशिनच्या मनात घाला म्हणालो. मुठे सर म्हणाले, "नाही घालणार."

"का? माझं दुकान, माझी मशिन."

"जे माणसाच्या तोंडावर वाचून दाखवता येत नाही, ते मी लिहून घेणार नाही."

"तुम्ही मजुरी घेता सर, उपदेश कशाला?"

"मजुरी निम्मी घेतलीय. उरलेल्या निम्म्याचा उपदेश आहे."

मी वायरचं बंडल आपटलं. त्यांनी पंचा ओला करून आणला. खूण शेवटपर्यंत आली नाही.

आता आबांची गोष्ट. कर्जतकडच्या एका वस्तीवरचे आबा, फेटा, पांढऱ्या मिशा, आवाज असा की रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यानं वळून बघावं. बरोबर मुलगा होता, पण तो नुसता बरोबर होता. आबांना मोटार घ्यायची होती. "म्या म्हनल तीच मोटार हुईल. घरात दुसरं कोन बोलनार न्हाई."

नव्या सेल्समननं आबांनाच तासभर माहिती दिली असती. मी दिली नाही. चहा दिला आणि म्हणालो, "आबा, बोअरची खोली नेमकी किती? घरी फोन लावून विचारा की. चुकीची मोटार नको जायला."

आबांना खोली पाठ होती. कुणाला नसते? पण फोन लावा म्हटल्यावर माणूस लावतो. त्यांनी मुलाला नंबर लावायला लावला. मुलानं लावला. पलीकडून बायकी आवाज आला, आणि आबांचा आवाज अर्धा झाला. "व्हय… न्हाई, अजून घेतली न्हाई… बरं… बरं, तुझ्या भावाला इचारून सांग."

फोन ठेवला. मी विचारलं, "सूनबाई का?"

"धाकली. बारावी झालीय तिची. लई हुशार हाय."

मी सेल्समनला सांगितलं, उद्या फोन आबांना नाही, सूनबाईला करायचा, आणि तिच्या भावाकडे कोणती मोटार आहे ते आधी काढायचं. दोन दिवसांत मोटार गेली.

ही माझी विद्या. दुकानात येतो तो बोलणारा असतो, ठरवणारा घरी असतो. कुठे सून, कुठे मेहुणा, कुठे अंथरुणावर पडलेली म्हातारी. तो कोण, हे तोंडावर विचारलं तर सगळे म्हणतात, "मीच." म्हणून विचारायचं नाही, फोन लावायला लावायचा आणि नंबर कुणाचा लागतो ते बघायचं. हे मी कुठल्या वर्गात शिकलो नाही. उसाच्या फडात, टोळीची बोलणी व्हायची तेव्हा, मुकादम कोणत्या बाईच्या तोंडाकडे बघून आकडा बदलतो हे बघत मोठा झालो. सायकलवरून परत पाठवलेल्या प्रत्येक दारानं त्यात थोडी भर घातली.

आबांचा फोन चालू असतानाच मुठे सर भेंडोळ्यावरून उठून उभे राहिले होते. त्यांना मी एवढं हललेलं पहिल्यांदा पाहिलं. "शेठ, हे काय होतं?"

मी सांगितलं. त्यांनी तीन लग्नपत्रिका भरल्या. मग जो रकाना तयार झाला त्याचं नाव त्यांनी माझ्याच तोंडातलं ठेवलं: 'घरात कोणाचं चालतं'. आणि खाली बारीक अक्षरात सूचना: 'विचारू नका. घरी फोन लावायला सांगा. कोणाला लावतात ते बघा.' माझं वाक्य, जसंच्या तसं.

मी चिमटा काढला, "हे बरं चाललं तुम्हाला. हे आबांच्या तोंडावर वाचून दाखवाल?"

मोटार न्यायला आबा आले तेव्हा सरांनी खरंच लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. "आबा, तुमच्या घरात धाकट्या सूनबाईचं चालतं, असं लिहिलंय. राहू द्यायचं का पुसायचं?"

 आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि खदाखदा हसले. "ऱ्हाऊ द्या की. गावाला म्हाईत हाय. मलाच उशिरा कळलं."

सरांनी माझ्याकडे वळून बघितलं. जिंकलेला माणूस बघतो तसं.

पोरं सरावली. चुकीच्या माणसाला फोन जायचे बंद झाले. एका सेल्समननं काम सोडलं, आणि या वेळी तो गेला तेव्हा फक्त तोच गेला. गिऱ्हाइकं दुकानातच राहिली. मी मुठे सरांना शर्टाचं कापड आणि नारळ दिला. नारळ घेतला, कापड सेल्समनला देऊन टाकलं.

दुसऱ्या वर्षी आबांच्याच वस्तीवरचा एक शेतकरी बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या भाच्याकडं बी आसंच फोन लावाया लावत्यात. तुमी मामा-भाचे येकाच साळंतले दिसता."

मी गाडी काढली आणि कर्जत गाठलं. दत्ता गल्ल्यावर होता. उठून पाया पडला, ते त्यानं कधी चुकवलं नाही. मी म्हणालो, "मोबाईल दाखव." त्यानं दाखवला. तेच पान. रंग हिरवा केलेला, वर त्याच्या दुकानाचं नाव. आणि मधोमध: 'घरात कोणाचं चालतं'. खाली माझं वाक्य.

"कुठून घेतलंस?"

"सरांनी येऊन बसवून दिलं, मामा. दोन दिवस मुक्कामाला हुते घरी." त्याला खरंच काही वाईट केल्यासारखं वाटत नव्हतं. "आन् ते उघडंच हाय ना? कोनी बी घ्यावं आसंच हाय. मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल."

ज्याच्यापासून राखण करायला कुंपण घातलं, त्याच्याच अंगणात कुंपणवाल्यानं जेवण केलं होतं. मी त्याच्या दुकानात पाणीसुद्धा न पिता निघालो. बहीण, माझी ताई, मागून हाका मारत होती.

मुठे सर नगरला एका खोलीत राहायचे. दाराला कडी नव्हती. मी आत गेलो तेव्हा ते भाकरी खात होते. म्हणाले, "या शेठ, जेवता?"

"दत्ताला का दिलंत?"

"त्यानं मागितलं."

"तो माझ्यावर उलटलेला आहे हे माहीत होतं तुम्हाला."

"होतं. तो म्हणाला, मामानं जे बनवून घेतलं ते मलाही पाहिजे. मी म्हणालो, उघडंच आहे, घे. बसवता आलं नाही म्हणून गेलो."

"सर, मशिनचं काम तुमचं. ते गावभर वाटा, मी हार घालीन. पण घरात कोणाचं चालतं, ते तुमचं नव्हतं. ते माझं होतं. तुम्ही स्वतःचं वाटलं नाही, माझं वाटलं."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "शेठ, ते तुम्ही कुठून आणलं? लोकांच्या घरातूनच ना? आबांच्या घरात सुनेचं चालतं ही आबांच्या घरची गोष्ट. आपल्या सगळ्यांची. तुमची एकट्याची कशी?"

शिकलेल्या माणसाचं हे बोलणं ऐकायला गोड असतं. मी मोटारी विकतो, माझ्याकडे त्याचं उत्तर होतं. "पाणी जमिनीचंच असतं सर. पण विहीर ज्यानं खणली त्याची असते. तुम्ही पाणी नाही वाटलं. माझी विहीर वाटली."

"विहिरीवर चार माणसं आली तर बिघडलं काय?"

"आमच्याकडे या आणि उन्हाळ्यात हे विचारा."

 मी थांबणार नव्हतो. दत्तानं मला एक गोष्ट सांगितली होती, ती मी त्यांच्यापुढे टाकली. इंटरनेटवरच्या त्या उघड्या जागेवर, जिथे हे सगळं ठेवलंय, तिथे काम करणाऱ्यांची नावं लागतात. पहिलं नाव मुठे सरांचं. खाली कुणी नाशिकचा, कुणी केरळातला. आणि दत्ताचंही. त्याच्या दुकानातल्या एका शिकलेल्या पोराकडून त्यानं बोलून नोंद करायची सोय करून घेतली, म्हणून दत्ताचं नाव लागलं.

"माझं नाव कुठे आहे?"

"तिथे जो लिहितो त्याचं नाव आपोआप लागतं. आपण लावत नाही."

"मी बोललो. बोलणाऱ्याचं नाव कुठे लागतं?"

 मुठे सरांचं 'आणि मग' आलं नाही. म्हणाले, "लागत नाही."

"मग काढून टाका तो रकाना."

"आता निघत नाही शेठ. लोकांनी घेतला. कुणी कुणी घेतला ते मलाही ठाऊक नाही."

मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांची वाडी काढली, कॉलेजातून का निघावं लागलं ते काढलं. ते पंचा हातात घेऊन बसून राहिले. त्यानंतर ते माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत आणि मी बोलावलं नाही. मशिन एकदा अडली तेव्हा सेल्समननं गुपचूप फोन केला. सरांनी फोनवरूनच दुरुस्त करून दिली आणि निरोप ठेवला, "शेठना सांगू नका." म्हणजे मजुरीही बुडवली आणि उपकारही बुडवला, मला दोन्हीतलं काहीच फेडता येऊ नये असा बंदोबस्त केला.

आजही माझं दुकान त्याच पानावर चालतं. दत्तानं घातलेली बोलून नोंद करायची सोय माझ्याकडेही आली, कबूल केल्याप्रमाणे, फुकट. माझी पोरं ती रोज वापरतात. मीही वापरतो. घरात आलेली वस्तू टाकून देणं माझ्या रक्तात नाही. पण कर्जतकडची अर्धी गिऱ्हाइकं दत्ताकडेच आहेत, आणि आता तो त्यांच्या सुनांची नावं माझ्याआधी जाणतो. दिवाळीला ताई फराळाचा डबा पाठवते. डबा रिकामा करून परत पाठवतो, आत साखर घालून. निरोप घालत नाही.

मागच्या थंडीत राजूरकडचं एक काम निघालं. वरच्या एका वाडीला सौर पंप बसवायचा होता. त्या बाजूला मी कधी माल पाठवत नाही, रस्ता टेम्पोचे पाटे खातो. पण मुठे सर नगर सोडून तिकडेच परतल्याचं कानावर आलं होतं, म्हणून या वेळी स्वतः गेलो. कामापुरताच गेलो होतो, असं मी दुकानात सांगितलं.

राजूरचा बाजार भरला होता. बाजारातून बाहेर पडल्यावर थोड्या अंतरावर चढाला टेम्पो तापला, ड्रायव्हर बोनेट उघडून बसला. रस्त्याच्या कडेला आरोग्याचं लहानसं उपकेंद्र होतं. पुढे पडवी, पडवीत बाक. बाकावर मुठे सर.

केस पांढरे झाले होते. पंचा होता, पण कोरडा, गळ्याभोवती गुंडाळलेला. त्या हवेत तो ओला करायची गरज नव्हती. शेजारी खुर्चीवर सिस्टर, तिच्या हातात मोबाईल. समोर एक माणूस टोपी हातात घेऊन उभा, आणि जरा मागे त्याची बायको, दिवस भरत आलेली. मी टेम्पोच्या आडोशाला होतो. सगळं ऐकू येत होतं.

सिस्टर म्हणत होती, "अरे, हिला तालुक्याला, अकोल्याच्या दवाखान्यात न्यायलाच पाहिजे. मागच्या वेळचं विसरलास का?"

"न्हाई बाई, नेतो की. बघतो. इचारतो."

"कोणाला विचारतोस? तुमच्या घरात कोणाचं चालतं?"

"माझंच चालतं की."

माझ्या हाताला टेम्पोचा गरम पत्रा लागला होता. हात काढायचं सुचलं नाही.

मुठे सर सिस्टरला हळू आवाजात म्हणाले, "असं विचारायचं नसतं. खाली लिहिलंय बघा. त्याला म्हणा, तिच्या जेवणाखाण्याचं विचारायचंय, घरी फोन लाव. कोणाला लावतो ते बघा."

सिस्टरनं तसं सांगितलं. त्या माणसानं फोन लावला. वाडीत आवाज पोचेना, तो पडवीच्या टोकाला गेला, आणि "आत्याबाई" म्हणाला तेव्हा त्याचा आवाज आबांसारखाच अर्धा झाला. सिस्टरनं फोन त्याच्या हातातून घेतला आणि आत्याबाईंशी स्वतः बोलायला लागली. बायको बाकाच्या कडेवर टेकली. आधी ती उभी होती. आता बसली.

फोन झाल्यावर सिस्टर म्हणाली, "तयार झाल्या. उद्या सकाळी मी गाडी पाठवते, असं सांगितलंय त्यांना. सर, हे बाकी तुम्ही झकास काढलंत."

मी कान टवकारले. खोटं कशाला बोलू? तेवढ्यासाठीच मी इतका चढ चढून आलो होतो.

"मी नाही काढलं," मुठे सर म्हणाले. "केडगावला एक पंपवाला होता. त्याचं घेतलंय."

होता. मी दहा पावलांवर उभा होतो. नाव घेतलं नाही. कदाचित नाव घेऊन उपयोग नव्हता, सिस्टरला ते कळलं नसतं. कदाचित मी त्या खोलीत जे बोललो त्यानंतर नाव घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं असेल. पण 'घेतलंय' म्हणाले. आपलं म्हणाले नाहीत. ते जर त्या दिवशी भाकरीच्या ताटावर म्हणाले असते, तर मी दोन घास त्यांच्या ताटातले खाल्ले असते. ते त्यांनी म्हटलं इतक्या वर डोंगरात, मला न ओळखणाऱ्या सिस्टरला.

पुढे जाऊन "मीच तो पंपवाला" म्हणावं असं वाटलं. मग ती बाकावर टेकलेली बाई उठून उभी राहिली असती, सिस्टरनं आभार मानले असते, आणि मुठे सरांनी तसं बघितलं असतं, आबांच्या वेळी बघितलं होतं तसं. तेवढं मला परवडणारं नव्हतं.

ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, निवली गाडी. निघायचं?"

आतून कुणीतरी सरांना चहा आणून दिला. कोरा, दूध नसलेला, त्या बाजूला करतात तसा. टेम्पो सुरू झाला तेव्हा मी मागच्या आरशात बघत होतो. मुठे सरांनी ग्लास तोंडाला लावला, मान मागे टाकून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, आणि रिकामा ग्लास बाकावर उपडा ठेवला.